सरड्याच्या रंगांची खरी गोष्ट

पक्ष बदलणाऱ्याला आपण ‘सरड्यासारखा रंग बदलला’ म्हणतो. त्यामागची समजूत अशी, की हा प्राणी ज्यावर बसेल त्याचाच रंग घेतो. तसं होत नाही. रंग बदलण्यासाठी प्रसिद्ध असलेला घोयरा सरडा (शॅमेलिऑन) बुद्धिबळाच्या पटावर ठेवला, तर अंगावर चौकडी उमटणार नाही.

तो मुळातच हिरवा-तपकिरी, म्हणून पानांत सहज लपतो. रंग बदलतो तो मुख्यतः दुसऱ्या नराला धमकावताना, मादीपुढे मिरवताना किंवा थंडीत. गडद कातडी ऊन जास्त शोषते. म्हणजे बऱ्याचदा हेतू लपण्याचा नसून उठून दिसण्याचा!

यंत्रणा तर भन्नाट आहे. मादागास्करच्या ‘पँथर’ नावाच्या घोयऱ्याच्या जातीवर प्रयोग करून जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की त्वचेतल्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. नर शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परावर्तित करतात. वरच्या पिवळ्या रंगद्रव्यात तो मिसळून कातडी हिरवी दिसते. नर चवताळला की स्फटिकांतलं अंतर वाढतं, आणि काही मिनिटांत हिरव्याचा पिवळा-नारिंगी होतो.

थोडक्यात, सरडा मनातलं अंगावर दाखवतो. पक्ष बदलणारे नेमकं उलटं करतात, त्यामुळे म्हणीत बिचाऱ्यावर अन्यायच झालाय.