बँकेत संगणक आला, पण लेजरच्या वाटेने

बँकांच्या संगणकीकरणाची गोष्ट सांगताना बहुतेक जण ‘युनियनने अडवलं’ एवढ्यावरच आटोपतं घेतात. पण बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबद्दलचा एक करार १९६६ साली झाला होता, त्यानंतर १९८३, १९८७ आणि १९९३ साली. दर वेळी संघटनांनी सह्या केल्याच. नोकऱ्या जाण्याची भीती खरी होती, भत्त्यासाठी घासाघीसही भरपूर झाली. मात्र खरी ओढाताण यंत्र कुठे बसवायचं, किती शाखांत बसवायचं आणि त्यावर कोणी बसायचं, याचीच होती.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या १९८४ च्या समितीने तोडगा सुचवला तो असा : शाखेत लेजर पोस्टिंग मशीन (लेजर म्हणजे खातेवही, तिच्यात नोंदी करणारं यंत्र), विभागीय कार्यालयात मिनी कॉम्प्युटर, मुख्य कार्यालयात मोठा संगणक. शाखांत जे आलं त्याला सगळे ‘एएलपीएम’ (अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन) म्हणत. हे यंत्र आपल्या काउंटरपुरतं पाहायचं. शेजारच्या काउंटरवरच्या लेजरांशी त्याचा संबंध नसे, दुसऱ्या शाखेचा तर प्रश्नच नव्हता. टोकन घेऊन उभ्या असलेल्या खातेदाराच्या दृष्टीने फारसं काही बदललं नाही. बदललं ते आतल्या माणसांसाठी. सहामाही व्याज लावायला आणि बॅलन्सिंग जुळवायला रात्री जागाव्या लागत, तो त्रास कमी झाला.

या तुटक रचनेचं खापर एकट्या युनियनवर फोडणं मला पटत नाही. शाखा हे एक संस्थान होतं आणि मॅनेजर त्याचा संस्थानिक. खातं बँकेचं नसायचं, शाखेचं असायचं. वरच्यांना कळायचं ते टपालाने जाणाऱ्या स्टेटमेंटांतून, तेही उशिरा. एकाच ठिकाणी सगळा डेटा ठेवायचा म्हणजे ही सुभेदारी मोडायची. तेवढी घाई व्यवस्थापनातही फारशी कुणाला नव्हती. (करारांच्या इतिवृत्तात हे सापडत नाही, साहजिकच.)

क्लार्कने नोंद पोस्ट करायची आणि अधिकाऱ्याने ती तपासून पास करायची ही शाईच्या काळातली शिस्त मग जशीच्या तशी सॉफ्टवेअरमध्ये उतरली. त्यात वाईट काही नव्हतं.

१९९४-९५ मध्ये नव्या खासगी बँका उघडल्या. त्यांच्याकडे जुनी लेजरं नव्हती की जुने करार नव्हते, त्यामुळे केंद्रीय यंत्रणा त्यांना सोपी गेली. सरकारी बँकांना धक्का बसला तो ग्राहकसेवेच्या नव्हे, दक्षतेच्या बाजूने. १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणा, असा आदेश १९९८ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाने काढला. हेतू भ्रष्टाचाराला आळा घालण्याचा. टक्केवारी गाठण्यासाठी आधी मोठ्या शाखा उरकल्या गेल्या. कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच केंद्रीय यंत्रणेत आणणं, हे त्यानंतरचं, दशकभर चाललेलं.

राहून गेलं ते पासवर्डचं. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांच्या ताब्यात असतात, एकाने दुसऱ्याकडे दिली की रजिस्टरमध्ये नोंद आणि सही. त्यात ढिलाई झाली तर मेमो ठरलेला. पासवर्डला तो मान मिळालाच नाही. साहेब रजेवर निघाले की चिठ्ठीवर लिहून देऊन जात, कारण काउंटर थांबलं तर बोलणी खावी लागत आणि पासवर्ड दिला म्हणून कोणी विचारत नसे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या फोर्टमधल्या एका सरकारी बँकेच्या शाखेतला हजारो कोटींचा घोटाळा उघड झाला. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्टवरून (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या यंत्रणेवरून) जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच नव्हती. दोन्ही यंत्रणा जोडलेल्या नसल्यामुळे एकीतलं दुसरीला कळायचा मार्ग नव्हता. बदल्यांचे नियम असताना एक अधिकारी त्याच टेबलावर वर्षानुवर्षं राहिल्याचंही तपासात पुढे आलं. स्विफ्टच्या गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा गोपनीय सूचना दिल्या होत्या, असं नियामकाने, म्हणजे रिझर्व्ह बँकेने, नंतर जाहीर केलं. मग दोन्ही यंत्रणा जोडायला ३० एप्रिल २०१८ ही मुदत घालून दिली गेली.