पांडवकड्याचं पाणी एवढ्या झटक्यात कसं चढतं?

पावसाने दोन दिवस झोडपून काढलं की नवी मुंबईतल्या खारघरच्या सेंट्रल पार्ककडून डोंगराकडे पाहणाऱ्या कुणालाही पांडवकडा दिसतो. काळ्या कातळावरून सुटलेली पांढरी धार, पायथ्याशी गोल्फ कोर्सची हिरवळ आणि अलीकडे इमारतींच्या रांगा. शहराला इतक्या खेटून, रिक्षाने गाठता येईल अशा जागी सुमारे 107 मीटर उंचीचा धबधबा असणं ही मोठी भाग्याची गोष्ट आहे. ठाणेकरांकडे येऊर आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या या पूर्वेकडच्या भागातले ओढेही जुलैत असेच खळाळू लागतात. पण वाट सोपी आहे म्हणून धबधबा सोपा होत नाही. पांडवकड्याच्या ओढ्यात आजवर अनेक तरुण मुलामुलींचे जीव गेले आहेत, आणि त्यामागचं बरंचसं कारण ज्या खडकामुळे हा कडा इतका देखणा झाला त्या खडकातच आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि त्यातून लाव्हा बाहेर पडत राहिला. एक थर निवला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. झीज होऊन उरलेला हा निवलेल्या लाव्हाचा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यावरच उभा आहे. सह्याद्रीच्या माथ्याकडे हे थर जवळपास आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात मात्र ते समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. भूशास्त्रात या वाकणाला पनवेल फ्लेक्शर असं नाव आहे.

लाव्हाचा प्रत्येक थर आतून एकसारखा नसतो. मधला भाग सावकाश निवतो, त्यामुळे तो घट्ट आणि कठीण होतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात आणि आंबोळीला जाळी पडावी तशी खडकाला जाळी पडते. पुढे लाखो वर्षं झिरपणाऱ्या पाण्याने या भोकांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ अशी खनिजं भरली. ओढ्यातला एखादा गोटा उचलून पाहा: काळसर-तपकिरी अंगावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके असतील, काही ठिकाणी दाणा निखळून नुसता खळगा उरला असेल. विहिरी खोदणारी माणसं अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी विटकरी रंगाचा मातीचा पट्टाही सापडतो. एका उद्रेकानंतर बराच काळ उसंत मिळाली, खडकाची माती झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली.

धबधबा घडवायला ही जोडी उत्तम. घट्ट बेसॉल्ट टिकतो, त्याखालचा मांजऱ्या आणि लाल माती लवकर झिजते. खालचा आधार गेला की वरचा कठीण कातळ काही काळ अधांतरी राहतो आणि एक दिवस उभ्या भेगांवरून तुटून पडतो. म्हणून कडा सरळसोट राहतो आणि धबधबा अतिशय संथपणे मागे, डोंगराच्या पोटात सरकत जातो. पायथ्याशी अस्ताव्यस्त पडलेल्या प्रचंड शिळा एकेकाळी वरच होत्या. धारेच्या अगदी खाली उभं राहू नये याचं हे पहिलं कारण. हे दगड सुटण्याचं काम अजून संपलेलं नाही, आणि ते पावसाळ्यातच जास्त होतं.

आता पाणी. हवेचा अडथळा नसता तर 107 मीटर खाली यायला त्याला पावणेपाच सेकंदांहूनही कमी वेळ लागला असता आणि तळाशी त्याचा वेग ताशी सुमारे 165 किलोमीटर असता. प्रत्यक्षात बारीक धार वाटेतच फुटते. सुट्या झालेल्या मोठ्यात मोठ्या थेंबालाही हवा ताशी 32 किलोमीटरच्या आसपास रोखून धरते. धार जाड असेल तर मात्र आतलं पाणी एकत्र राहतं आणि खूप जास्त वेगाने आदळतं. म्हणजे कालच्या हलक्या तुषारांवरून आजच्या धारेचा अंदाज बांधता येत नाही. पडणारं पाणी हवेलाही सोबत खाली ओढतं. कुंडाजवळ अंगावर येणारा गार झोत त्या हवेचा. पाणी पांढरं दिसतं ते असंख्य थेंब आणि बुडबुडे उजेड सगळीकडे विखुरतात म्हणून. धबधब्याच्या आवाजातही बुडबुड्यांचा मोठा वाटा आहे. पाण्यात कोंडलेला हवेचा बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत नाद करतो आणि बुडबुडा जितका लहान तितका सूर वरचा, हे शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी 1933 मध्ये गणिताने दाखवलं.

इतक्या उंचीवरून पडल्यावर पाणी थोडं तापायलाही हवं. पडण्याची सगळी ऊर्जा उष्णतेत गेली तर पांडवकड्याचं पाणी जेमतेम पाव अंश सेल्सिअसने गरम होईल. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी 1847 मध्ये, लग्नानंतरच्या सहलीवर असताना, आल्प्समधल्या धबधब्यावर हेच मोजायचं ठरवलं होतं. पण तिथलं पाणी वाटेतच तुषार होऊन उडत होतं, त्यामुळे मोजमाप जमलं नाही. मला हा प्रसंग फार आवडतो. धबधबा पाहून थर्मामीटर आठवावा इतकं कुतूहल प्रत्येकाच्या वाट्याला यावं.

मुख्य प्रश्न मात्र हा की हे पाणी येतं कुठून. धबधब्याच्या माथ्यामागे डोंगराचा जो उतार आपलं पाणी या एका ओढ्यात आणून सोडतो, ते त्याचं पाणलोट क्षेत्र. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही, ते फटींतून आणि जाळीदार थरांतून थोडंफार जिरतं. वरची माती पातळ असते. जूनच्या पहिल्या सरी ती पिऊन टाकते, म्हणून पाऊस सुरू झाला तरी धबधबा लगेच धावत नाही. जुलैपर्यंत माती तुडुंब होते. त्यानंतर पडणारा जवळपास प्रत्येक थेंब सरळ खाली यायला मोकळा असतो.

हिशेब करून पाहू. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. तासाला 50 मिलिमीटरची सर आपल्याकडे पावसाळ्यात अधूनमधून येतेच. ती एवढ्याच जागेवर तासभर कोसळली तर 5 कोटी लिटर. त्यातलं तीन चतुर्थांश ओढ्यात आलं तरी सेकंदाला सुमारे 10 हजार लिटर, म्हणजे 10 टन. तीव्र उताराच्या छोट्या पाणलोटात ते पायथ्याला पोचायला अर्धा तासही लागत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, त्यामुळे आकाश काय करू शकतं हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. आणि सर माथ्यावर कोसळत असताना खाली लख्ख ऊन असू शकतं.

गुडघाभर पाण्याची भीती वाटत नाही, कारण साठलेल्या गुडघाभर पाण्यात आपण सहज चालतो. वाहतं पाणी वेगळं. सेकंदाला दोन मीटर वेगाचं गुडघाभर पाणी माणसाच्या पायांना तीसेक किलो वजनाएवढ्या जोराने ढकलतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. पायाखाली शेवाळलेला कातळ असेल तर पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही, कारण तिथे पोहायला पाणी नसतंच, आपटायला दगड असतात.

लोंढा येण्याआधी ओढा खुणा देतो. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज जड होतो. आल्याआल्या पाण्याबाहेर डोकावणारा एखादा दगड हेरून ठेवावा. तो बुडू लागला की सामान राहू द्यावं आणि ओढ्याच्या कडेने खाली न धावता आडवं, उंच काठावर चढावं. पलीकडे अडकलात तर हात धरून साखळी करून पाण्यात उतरू नका, एक पाय सुटला की सगळी साखळी जाते. थांबा. पाणलोट छोटं असल्याने पाणी जसं झपाट्याने चढतं तसं पाऊस ओसरल्यावर झपाट्याने उतरतंही. आणि अनेक पावसाळ्यांत इथे प्रवेशबंदी असते, ती पाळाच. सेंट्रल पार्ककडूनही धार पूर्ण दिसते.

खडक पाणी साठवत नाही म्हणूनच पाऊस संपल्यावर हा धबधबा आटत जातो आणि हिवाळ्यात कडा कोरडा पडतो. खडक पाहायचा तर तेव्हा, वनखात्याची परवानगी असेल तर. दुर्बीण न्या. सकाळच्या तिरप्या उन्हात लाव्हाच्या दोन थरांमधली रेघ कुठे आहे, कुठला थर आत खचला आहे आणि कुठला पुढे आलेला कातळ आता फारसा टिकणार नाही, हे खालूनच शोधता येतं.