बीटा-ॲल्युमिना नळ्या व त्यांचे सिंटरिंग

सोडियम-सल्फर आणि सोडियम-निकेल क्लोराइड या बॅटऱ्यांच्या गाभ्यात एका टोकाला बंद असलेली सिरॅमिक नळी असते. ती बीटा-ॲल्युमिनाची, म्हणजे सोडियम असलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची बनवतात. चूर्ण दाबून नळीचा आकार द्यायचा आणि ते पूर्ण वितळू न देता भट्टीत भाजून एकसंध करायचे, या प्रक्रियेला सिंटरिंग किंवा तापपिंडन म्हणतात.

या नळीला दोन कामे करावी लागतात. सोडियमचे आयन तिच्यातून सहज गेले पाहिजेत, पण इलेक्ट्रॉन अडले पाहिजेत. शिवाय सोडियम-सल्फर बॅटरीत साधारण 300 ते 350 अंश सेल्सिअसला एका बाजूस वितळलेले सोडियम व दुसऱ्या बाजूस वितळलेले गंधक असते आणि त्यांच्यामध्ये हीच एक पातळ भिंत असते. तिला तडा गेला तर दोन्ही द्रव थेट भिडून प्रचंड उष्णता निर्माण होते. त्यामुळे सिरॅमिकचे ‘विद्युत’ आणि ‘संरचनात्मक’ असे वर्ग पाडण्याची जी पद्धत आहे, ती इथे लागू पडत नाही.

हा पदार्थ 1916 पासून माहीत होता. सुरुवातीला तो ॲल्युमिनाचेच एक रूप समजला गेला. त्यात सोडियम असल्याचे नंतर कळले. त्याच्या स्फटिकात ॲल्युमिनाचे घट्ट थर असतात आणि त्यांच्यामधल्या सैल पातळ्यांतून सोडियमचे आयन सरकतात. 1960 च्या दशकात अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ कुमर आणि नील वेबर यांनी या गुणावर सोडियम-सल्फर बॅटरी उभी केली. बीटा-ॲल्युमिनाचे बीटा-द्विप्रधान (β″) हे रूप अधिक वाहक असते. ते टिकावे म्हणून चूर्णात थोडे लिथियम किंवा मॅग्नेशियम मिसळतात.

दळलेल्या मिश्रणाची फवारणीने वाळवून बारीक रवाळ भुकटी करतात. पोलादी दांड्याभोवती रबरी साच्यात ती भरून बाहेरून सर्व बाजूंनी सारखा द्रवदाब दिला की कच्ची नळी मिळते. तिच्या आकारमानाचा बराच मोठा भाग पोकळच असतो. भट्टीत कणांच्या स्पर्शाच्या जागी माना, म्हणजे अरुंद जोड, तयार होतात, अणू सरकून पोकळ्या भरत जातात आणि नळी लांबी-रुंदीत साधारण 15 ते 20 टक्के आक्रसते. कच्च्या नळीत चूर्ण कुठे कमी, कुठे जास्त दाबले गेले असेल, तर आक्रसताना ती वाकडी होते आणि मग काही इलाज उरत नाही.

खरी अडचण सोडियमची आहे. साध्या ॲल्युमिनाचे यंत्रभाग 1,550 ते 1,700 अंशांना उघड्या भट्टीत भाजता येतात. बीटा-ॲल्युमिनालाही 1,600 अंशांच्या आसपास तापवावे लागते, पण त्या तापमानाला सोडियम ऑक्साइड वाफ होऊन निघून जाते आणि पृष्ठभागावर आयन न वाहणारा साधा ॲल्युमिना उरतो. म्हणून नळी मॅग्नेशियाच्या, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडच्या, बंद भांड्यात ठेवतात किंवा त्याच घटकांच्या चूर्णात पुरून भाजतात. सिलिकॉन नायट्राइडच्या बेअरिंग-गोळ्यांसारख्या यंत्रभागांचीही अशीच काळजी घ्यावी लागते: तो पदार्थ वितळण्याआधीच विघटित होतो, म्हणून त्यात यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) व ॲल्युमिना घालून नायट्रोजनमध्ये भाजतात.

दुसरी कसरत कणांच्या आकाराची. मोठे कण म्हणजे कमी कणसीमा (दोन कणांमधल्या सीमा), त्यामुळे आयनांना वाट सोपी. पण भट्टीत वेळ थोडा जरी जास्त झाला तरी काही कण बेसुमार वाढतात आणि तडे तिथूनच सुरू होतात. सिरॅमिकची ताकद सरासरीवर नाही, सर्वांत मोठ्या दोषावर ठरते. यावर उपाय म्हणून उच्चतम तापमान थोडाच वेळ ठेवून नंतर कमी तापमानाला बराच काळ तापवतात, म्हणजे उरलेल्या बीटाचे बीटा-द्विप्रधानात रूपांतर होते. झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड) मिसळल्यास नळी चिवट होते, मात्र वाहकता थोडी घटते. यूटा विद्यापीठात अनिल विरकर व सहकाऱ्यांनी क्रमच उलटा केला: आधी ॲल्युमिना-झिर्कोनियाची दाट वस्तू भाजायची आणि नंतर सोडियमच्या वाफेने तिचे बीटा-द्विप्रधानात रूपांतर करायचे.

या बॅटऱ्या मोठ्या प्रमाणावर बाजारात आणल्या जपानच्या एनजीके इन्सुलेटर्सने, टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीच्या सहकार्याने. विजेच्या खांबांवरचे पोर्सेलीन इन्सुलेटर बनवणारी ही जुनी कंपनी. मोठ्या संख्येने एकसारखे सिरॅमिक भाजण्याचा तिचा अनुभवच इथे उपयोगी पडला, असे म्हणायला हरकत नाही. आओमोरी प्रांतातील रोक्काशो इथे 51 मेगावॉट पवनऊर्जा प्रकल्पाला 34 मेगावॉटची बॅटरी 2008 मध्ये जोडली गेली. सप्टेंबर 2011 मध्ये इबाराकी प्रांतातील एका कारखान्यात अशा बॅटरीला आग लागली. एका घटातून गळालेल्या तप्त द्रवामुळे शेजारच्या घटांमध्ये शॉर्टसर्किट झाल्याचे चौकशीत आढळले. त्यानंतर घटांमध्ये फ्यूज बसवण्यात आले.

लिथियम बॅटरीसाठी आयन वाहणारे सिरॅमिक म्हणून लिथियम, लँथॅनम व झिर्कोनियम यांचा गार्नेट-रचनेचा (गार्नेट खनिजासारखी स्फटिकरचना असलेला) ऑक्साइड 2007 मध्ये पुढे आला आणि सिंटरिंगचे तेच प्रश्न पुन्हा उभे राहिले. इथे 1,200 अंशांच्या सुमारास लिथियम उडते, म्हणून तेच चूर्ण वर घालून भाजण्याचा मार्ग इथेही वापरतात. 2020 मध्ये मेरीलँड विद्यापीठातील गटाने कार्बनच्या तापपट्ट्यांमध्ये धरून अशी सिरॅमिके सुमारे 10 सेकंदांत भाजून दाखवली. एवढ्या कमी वेळात लिथियम फारसे उडत नाही. मात्र दाट भाजलेल्या पत्र्यातही जास्त प्रवाहाने चार्जिंग करताना लिथियमचे तंतू कणसीमांमधून व पृष्ठभागावरच्या चिरांमधून शिरतात.