पार्श्वभूमी : स्नॅपड्रॅगनचा शेंडा खुडावा की नाही?

स्नॅपड्रॅगन हा थंडीत फुलणारा फुलझाडाचा प्रकार, मूळचा भूमध्य समुद्राच्या पश्चिम काठचा. तिथे तो खडकांच्या कपारीत, जुन्या दगडी भिंतींवरही उगवतो. त्यामुळे आपल्या काळ्या मातीतला चुना त्याला सोसतो, साचलेले पाणी मात्र अजिबात नाही. जळगाव-धुळ्याकडे रोपे बुडाशी सडतात ती याच कारणाने. जमिनीत लावायचे तर 15 सेंमी उंच गादीवाफा हवाच. कुंडीत दोन भाग पोयटा, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत.

वाद आहे तो शेंडा खुडण्याचा. रोपाचा शेंडा खुडावा, हा सल्ला आला उंच वाणांबरोबर. हे वाण सरळ वर जातात आणि फुटवे कमी देतात. 1960 मध्ये गाजलेले संकरित ‘रॉकेट’ही पाऊण मीटरच्या वर जाणारेच. शेंडा खुडला की पानांच्या बगलेतले डोळे (सुप्त कोंब) फुटतात, एका दांड्याचे चार होतात. पण फुले दोन-तीन आठवडे लांबतात. थंड मुलखात हा उशीर परवडतो. पुढे कुंडीसाठी 15 ते 25 सेंमीचे, बुडापासून आपोआप फुटणारे वाण आले, तरी सल्ला तोच राहिला.

खान्देशात खरी थंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मार्चमध्ये ऊन तापले की कळ्या गळतात. इतक्या छोट्या हंगामात बुटक्या वाणाचा शेंडा खुडणे म्हणजे ऐन बहराचे आठवडे हातचे घालवणे. रोपवाटिकांत बहुतेक बुटकेच वाण मिळतात आणि खुडायचा सल्लाही त्यांच्यासोबतच मिळतो, हे थांबायला हवे.

उंच वाण असेल तर खुडा, पण वेळेवर : पानांच्या चार जोड्या झाल्या की तिसऱ्या जोडीच्या वर, नखाने. दांडा जून झाल्यावर खुडला तर दोनच मरतुकडे फुटवे येतात. खुडल्यावर दोन दिवस वरून पाणी नको.

हा छोटा हंगाम साधायचा तर पेरणी सप्टेंबरच्या मध्यालाच हवी, पावसाच्या आडोशाला. बी धुळीसारखे बारीक असते आणि उगवायला उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भुरभुरावे, तळहाताने हलके दाबावे, वर माती टाकू नये. ‘बी उगवलेच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा ही वरची मातीच असते. उगवण दहा-चौदा दिवसांत होते. त्यानंतर पाणी ट्रेच्या तळातून द्यावे, नाहीतर कोवळी रोपे माना टाकतात. पुनर्लागवड ऑक्टोबरच्या अखेरीस, उन्हाचा चटका ओसरल्यावर, 20 सेंमी अंतरावर. उंच वाणाला 30.