गाडी रात्री रस्त्यावर उभी ठेवू नका
(यंत्रमागधारक आणि कापड व्यापारी ग्राहकांसाठी)

नमस्कार,

इचलकरंजीहून भिवंडी, सुरत, बालोतऱ्याला तुमच्या कापडाच्या गाठी आमच्या गाड्या नेतात. माल चोरीला गेला तर भरपाईचं काय, असं बरेच जण विचारतात. ते खाली सांगितलंच आहे. पण चोरी टाळणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे, ते आधी.

आमचा अनुभव असा, की पळत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीला धोका जास्त. गेल्या पावसाळ्यात आमची गाडी रात्री साडेदहाला एका प्रोसेस हाऊसला (कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्याला) पोचली. वॉचमन म्हणाला, "सकाळी नऊला या." चालक गेटबाहेर गाडी लावून केबिनमध्ये झोपला. पहाटे डिझेलच्या वासानं त्याला जाग आली. टाकीचं झाकण उचकटलेलं, ताडपत्रीला ब्लेडनं हातभर चीर, दोन गाठी गायब. खाली उतरला तर डोक्यात गज बसला, सात टाके पडले. आणि शुद्धीवर आल्यावर त्याला पहिला प्रश्न काय, तर "तू सामील होतास का?" ते ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं.

म्हणून विनंती आहे. माल उतरवायचा तो सकाळी उतरवा, पण गाडी रात्रीच कंपाउंडमध्ये घ्यायला तुमचा माल घेणाऱ्या पार्टीला सांगा. चालकाला संडास आणि पिण्याचं पाणी मिळालं, तर तो गाडी सोडून अंधारात लांब जाणार नाही.

टू-पे भाडं (माल पोचल्यावर द्यायचं भाडं) चालकाच्या हातात रोख देऊ नका, आमच्या खात्यावर भरा. खिशात रोकड असलेला माणूस हायवेवर लगेच हेरला जातो. बिल्टीचे (माल गाडीत दिल्याच्या पावतीचे) फोटोही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, त्यावर गाडी नंबर आणि मालाची किंमत दोन्ही असतं.

बनावट नंबरप्लेट लावून माल उचलणारेही आहेत. आमच्या ऑफिसमधून गाडी नंबर आणि चालकाचं नाव कळल्याशिवाय गाडी भरू नका. शंका आली तर आरसी बुकातला चासी नंबर गाडीच्या चासीवर कोरलेल्या नंबरशी ताडून बघा.

"ई-वे बिल संपतंय, रात्रभर चालव" असा तगादा नको. या बिलाला, म्हणजे माल वाहतुकीसाठीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला, दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. ते आम्ही करून घेऊ.

आता भरपाई. ट्रकच्या विम्यात तुमचा माल येत नाही. जादा जोखमीचा दर (जास्त भरपाईसाठीचं वाढीव भाडं) आधी ठरला नसेल, तर कायद्यानं वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. म्हणजे भाडं 18,000 आणि माल 12 लाखांचा असेल, तर 1,80,000 च्या वर हक्क सांगणं कठीण. कोटेशन घेताना भाड्यात दोनशे रुपयांची घासाघीस करणारे ट्रान्झिट विमा (वाटेतल्या मालाचा विमा) मात्र विसरतात, हे आम्ही रोज बघतो. मालाची खरी किंमत लिहा, विमा काढा.

तरीही घटना घडलीच, तर चालकाला आमची सक्त सूचना आहे: प्रतिकार करायचा नाही, सुटल्यावर 112 ला फोन करायचा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. नुकसानीची लेखी नोटीस मात्र बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत आमच्याकडे यायला हवी.

यापुढे बुकिंगच्या वेळी माल घेणाऱ्या पार्टीचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर आम्ही मागणार आहोत. तो मिळाल्याशिवाय गाडी निघणार नाही.