चित्र-ध्वनी समक्रमण

पडद्यावरची हालचाल आणि तिचा आवाज एकाच क्षणी यावेत म्हणून चित्रपटाच्या संकलनात चित्र व ध्वनी एकमेकांशी जुळवणे, आणि अंतिम प्रतीपर्यंत ते जुळलेले राखणे, याला चित्र-ध्वनी समक्रमण म्हणतात. संकलनाच्या खोलीत याला नुसते ‘सिंक’ म्हणतात. जुळवण्यापेक्षा राखण्याचे काम कष्टाचे आहे.

चित्र आणि ध्वनी बहुतेकदा वेगवेगळ्या यंत्रांवर नोंदले जातात, म्हणून हे काम मुळात करावे लागते. कॅमेरा लांब असतो आणि त्याचा स्वतःचा माइक खोलीतला घुमारा उचलतो. स्वच्छ संवादासाठी माइक कलाकाराच्या जवळ हवा आणि तो स्वतंत्र रेकॉर्डरवर नोंदलेला बरा. मग दोन्ही यंत्रांवर एकाच वेळी उमटेल अशी खूण लागते. ती खूण म्हणजे क्लॅप. पाटीवरचा शॉट व टेकचा क्रमांक मोठ्याने वाचून वरची दांडी आपटतात. संकलक चित्र एकेक फ्रेम पुढे सरकवतो. एका फ्रेममध्ये दांडी हवेत आणि वेगामुळे पुसट दिसते. पुढच्या फ्रेममध्ये ती टेकलेली, कडा स्पष्ट. हीच फ्रेम धरायची. ध्वनीच्या आलेखात टाळीचा उंचवटा जिथून उठतो, ती जागा या फ्रेमखाली आणली की शॉट जुळला. सुरुवातीचा क्लॅप राहून गेला असेल, तर शॉटच्या शेवटी पाटी उलटी धरून तो देतात.

क्लॅप अजिबात नसेल तर दार आपटणे, टेबलावर पेला ठेवणे असा एखादा ठसठशीत आवाज शोधतात. तोही नसला तर ओठ पाहावे लागतात. आपल्या वर्णमालेने प, ब, भ, म यांना ओष्ठ्य म्हणून आधीच वेगळे काढून ठेवले आहे. ओठ मिटल्याशिवाय हे वर्ण उच्चारता येत नाहीत. ‘पण’ या शब्दाआधी ओठ मिटलेले आणि ‘प’ फुटताना उघडलेले दिसले, तर जुळणी बरोबर. ‘अ’ किंवा ‘क’ वर अशी खात्री करता येत नाही.

बोलपटांच्या आरंभी, १९२० च्या दशकात, व्हिटाफोन पद्धतीत ध्वनी वेगळ्या तबकडीवर असे. सुई एक खाच ओलांडून गेली की पुढचा सगळा संवाद भलत्याच ओठांवर जाई. पुढे ध्वनी फिल्मच्याच कडेला छापला जाऊ लागला. तरीही ३५ मि.मी.च्या प्रतीत तो आपल्या चित्राच्या शेजारी नसतो, २१ फ्रेम पुढे असतो. प्रक्षेपकात चित्राची फ्रेम थांबत थांबत सरकते, ध्वनीला मात्र अखंड, एकसारखी गती लागते, म्हणून दोन्ही वाचण्याच्या जागा वेगळ्या ठेवाव्या लागल्या. संकलनात चित्राची फिल्म आणि चुंबकीय ध्वनीची फिल्म, दोन्हींना छिद्रे असत आणि दोन्ही एकाच दांड्यावरच्या दातेरी चाकांवरून फिरत, त्यामुळे घसरायला वाव नसे. चित्रीकरणस्थळीच्या रेकॉर्डरच्या टेपला अशी छिद्रे नव्हती. तिथे आधी कॅमेऱ्याच्या गतीचा संकेत टेपवर नोंदत, नंतर दोन्ही यंत्रांत गती एकसारखी राखणारे क्वार्ट्‌झचे स्फटिक आले.

सिंक बिघडण्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांची गल्लत केली की तासन्‌तास वाया जातात. पहिला प्रकार म्हणजे ठरावीक अंतर: आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे किंवा पुढे असतो. तो सरकवला की काम झाले. दुसरा प्रकार म्हणजे घसरण: सुरुवात जुळलेली असते आणि फरक हळूहळू वाढत जातो. म्हणून क्लिप जुळवल्यावर तिचा शेवट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या आतल्या घड्याळांत दहा लाखांत २० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद जमा होतात; सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटात हे जवळपास पावणेदोन फ्रेम झाले. २३.९७६ फ्रेमचे चित्र २४ चे समजून चालवले तर तासाला सुमारे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. मोबाइलवरच्या चित्रीकरणात फ्रेमची गती स्वतःच कमीजास्त होते, त्यामुळे ध्वनी एकसारखा ताणूनही उपयोग होत नाही. संकलनाआधीच चित्र स्थिर गतीत बदलून घ्यावे.

टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा, या कामात फार मदत करतो, पण तो फक्त फ्रेमचा पत्ता सांगतो. यंत्राची गती तो राखत नाही. सकाळी एकदा जुळवून सोडून दिलेली दोन यंत्रे संध्याकाळपर्यंत वेगळे आकडे दाखवू शकतात.

सर्वाधिक चुका कापताना होतात. चित्रातून तीन फ्रेम काढल्या आणि ध्वनीतून काढायच्या राहिल्या, की तिथून पुढचे सगळे तीन फ्रेमने सरकते. अनेक संकलन प्रणाली अशा क्लिपवर फरकाचा आकडा दाखवतात. त्याकडे दुर्लक्ष करू नये. कॅमेऱ्याच्या माइकचा खडबडीत ट्रॅकही शेवटपर्यंत टाकून देऊ नये. तो आणि चांगला ट्रॅक एकत्र वाजवले, तर फरक मोठा असताना शब्द दोनदा ऐकू येतो; अंतर कमी होत गेले की आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. कान इतके बारीक मोजमाप करतात.

प्रेक्षक मात्र दोन्ही दिशांच्या चुका सारख्याच सहन करत नाहीत. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दूरच्या घटनेचा आवाज उशिरा येण्याची आपल्याला जन्मापासून सवय असते. दृश्याच्या आधी तो कधीच येत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर फरक जाणवू लागतो, उशिरा आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांनंतर. ही सवलत संकलकाने स्वतःसाठी वापरू नये, कारण पुढच्या प्रत्येक यंत्रात थोडा उशीर वाढतच जातो. ब्लूटूथ हेडफोनही आवाज उशिरा पोहोचवतात. ते लावून बसलेला संकलक बरोबर असलेला सिंक ‘दुरुस्त’ करून बिघडवतो.

ध्वनिमिश्रणाकडे काम सोपवताना पहिल्या चित्राच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा बीप ठेवतात. तसाच एक शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी ठेवतात. परत आलेल्या ट्रॅकचा पहिला बीप जागेवर आणि दुसरा हललेला दिसला, तर घसरण किंवा एखादी चुकलेली काप या दोन बीपच्या मध्ये शोधायची असते.