तक्रारपेटीची चावी कुणाकडे?

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी कामाला होतो, तेव्हा तक्रारपेटी टाइम ऑफिसच्या खिडकीशेजारी टांगलेली होती. चिठ्ठी टाकायची तर टाइमकीपरच्या डोळ्यांदेखत, आणि चावी पर्सोनेल मॅनेजरकडे. पेटीतून निघायच्या त्या कॅन्टीनच्या पातळ डाळीच्या तक्रारी. प्रेस मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली यावी म्हणून. आमच्याकडे एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवलेलं असे. एक हात मोकळा, नग जास्त. सगळ्या शॉपला हे ठाऊक होतं. चिठ्ठी मात्र एकही नाही. एका पोराची दोन बोटं गेली, तेव्हा तिघं जण पेटीला वळसा घालून थेट युनियनकडे गेले.

आतला गैरप्रकार बाहेर सांगणाऱ्या माणसाला, म्हणजे व्हिसलब्लोअरला, मराठी वर्तमानपत्रांनी ‘जागल्या’ हा शब्द दिला. गावगाड्यातला जागल्या रात्री गस्त घालायचा, संशय आला की गाव जागं करायचा आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. ओरडणं हे त्याचं कामच, त्याला चहाडखोर कोण म्हणणार? कारखान्यातल्या माणसाला मात्र ज्याच्या हातून पगार घ्यायचा, त्याच्याच विरुद्ध ओरडायचं असतं.

हा पेच जुना आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त अपहाराची खबर सिद्ध करणाऱ्या सूचकाला रकमेचा १/६ हिस्सा सांगितलाय, सूचक पगारी सेवक असेल तर १/१२. निम्मा का? माझा तर्क असा, की नोकराने सांगणं हे त्याचं कर्तव्यच धरलं असावं. सिद्ध झालं नाही तर वर शिक्षा. अमेरिकेने १८६३ मध्ये यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या कंत्राटदारांविरुद्ध कायदा केला, तेव्हा दावा लावणाऱ्याला वसुलीचा निम्मा हिस्सा देऊ केला. दोन्हीकडे भिस्त पैशावर.

नाव झाकण्याची गोष्ट आपल्याकडे माणसं गेल्यावर आली. भोपाळनंतर, १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली: तक्रार कुणी केली हे इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं, आणि तपासणी तक्रारीवरून होतेय हेही मालकाला सांगायचं नाही. साधं कलम, पण कामगाराच्या मनातली भीती नेमकी ओळखणारं.

सत्येंद्र दुबे या महामार्ग प्राधिकरणाच्या अभियंत्याने २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला भ्रष्टाचाराबद्दल लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. पत्र नावासकट खात्यांमधून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयने कारण लुटीचं सांगितलं, तरी देशाला आठवतं ते पत्र. २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी गुप्तपणे घेण्याचे अधिकार मिळाले. २०१४ मध्ये संरक्षणाचा कायदाही संमत झाला, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना रखडली. वाईट हेतूने खोटी तक्रार केली तर दोन वर्षांपर्यंत कैद मात्र त्यात आहे. कौटिल्य इथेही भेटतो.

आपल्या नाशिक जिल्ह्याला याची वेगळी आठवण आहे. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला इंधनभेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. ते जागल्या नव्हते, अधिकारी होते. पण अपर जिल्हाधिकाऱ्याचं असं होतं, तर डेपोवरच्या हेल्परने तोंड उघडावं कुणाच्या भरवशावर?

२०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना अशा तक्रारींसाठी यंत्रणा बंधनकारक केली. गरज पडली तर कंपनीच्या हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. अंबडला एका कंपनीच्या गेटवर मी ती नोटीस पाहिली. इंग्रजीत, खाली एक ईमेल. प्रेसवरची बरीचशी पोरं कंत्राटदाराची होती, त्यांतल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, “ते साहेब लोकांसाठी असतं, काका.”